मत घेण्याआधी मोजायची रीत ठरवा : गटातल्या मतदानाचं सविस्तर मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवडणुकीत मी मतमोजणीला बसलो होतो. सचिवपदासाठी दोघं उभे होते आणि मतं पडली २८. एकेक मतपत्रिका उघडत गेलो आणि शेवटी फळ्यावर १४-१४ असा आकडा उभा राहिला. अध्यक्ष म्हणाले, "मग माझं निर्णायक मत." मागून कुणीतरी ओरडलं, "तुम्ही आधीच मत दिलंय की!" नियमावली उघडली, तर समसमान मतांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. अध्यक्षांचा कल कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे निर्णायक मत की चिठ्ठी, हा वाद नियमाचा राहिलाच नाही, तो 'हा सचिव की तो' असा झाला. समसमान मतांबद्दलची एक ओळ महिनाभर आधी लिहिली असती तर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं, कारण तेव्हा तिचा फायदा कुणाला होणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

मतदान म्हटलं की आपण उमेदवार बघतो, मतदार बघतो, मोजायची रीत मात्र गृहीत धरतो. हात वर करा, ज्याला जास्त तो जिंकला. दोनच पर्याय असतील तर याहून चांगली पद्धत नाही. केनेथ मे या गणितज्ञाने १९५२ मध्ये तसं सिद्धही केलं: सगळ्या मतदारांना सारखं लेखायचं, दोन्ही पर्यायांना सारखं लेखायचं आणि बरोबरी असताना एकाचं जरी मत फिरलं तरी निकाल त्या बाजूला जायला हवा, एवढ्या अटी घातल्या की साधं बहुमत ही एकच पद्धत उरते. तिसरा पर्याय आला की मात्र खरी गंमत सुरू होते.

त्याच तीस मतपत्रिका, विजेते तीन

समजा, ३० जणांच्या गटाला एका मोकळ्या जागेचं काय करायचं हे ठरवायचं आहे. पर्याय तीन: व्यायामशाळा, वाचनालय, बाग. प्रत्येकाने पसंतीक्रम लिहून दिला, तो असा:

१३ जण: व्यायामशाळा, मग बाग, शेवटी वाचनालय
११ जण: वाचनालय, मग बाग, शेवटी व्यायामशाळा
६ जण: बाग, मग वाचनालय, शेवटी व्यायामशाळा

आता फक्त पहिली पसंती मोजली तर व्यायामशाळा १३ मतांनी जिंकते. पण उरलेल्या १७ जणांनी तिला शेवटचा क्रमांक दिलाय, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना जे सर्वांत नकोसं होतं तेच पदरात पडलं.

दुसरी रीत: ज्याला सर्वांत कमी पहिली पसंती तो पर्याय बाद करायचा आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची. बाग ६ मतांवर बाद होते, ती सहाही मतं वाचनालयाकडे जातात आणि वाचनालय १७ विरुद्ध १३ असं जिंकतं.

तिसरी रीत: पर्यायांच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीत समोरासमोर कोण जिंकतं ते बघायचं. बाग विरुद्ध व्यायामशाळा, १७ विरुद्ध १३. बाग विरुद्ध वाचनालय, १९ विरुद्ध ११. बाग दोघांनाही हरवते.

तीस माणसं तीच, त्यांची मतंही तीच. बदलली ती मोजणी. म्हणून पद्धत कोण ठरवतं आणि कधी ठरवतं, हा प्रश्न उमेदवार कोण या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

हे कागदी कोडं नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात २००९ मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत असंच झालं. पहिल्या पसंतीत एक जण पुढे होता, बाद करत जाण्याच्या पद्धतीने दुसराच निवडून आला, आणि समोरासमोर बाकी सगळ्यांना हरवू शकणारा तिसरा उमेदवार आधीच बाद झालेला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या मतदारांनी ती पद्धत रद्द केली. फ्रान्समध्ये २००२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. डाव्या मतदारांची मतं अनेकांत वाटली गेली आणि पंतप्रधान जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर अडकून १६.८६ टक्के मिळवणाऱ्या अतिउजव्या ल पेन यांच्या मागे पडले. पहिल्या दोघांच्या अंतिम फेरीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांना ८२ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली, म्हणजे पहिल्या फेरीने समोर आणलेला प्रतिस्पर्धी किती थोड्यांना हवा होता ते दिसलं.

आता कामाला लागू.

आधी प्रश्न लिहा, आणि तो एकच असू द्या

भांडणं मोजणीवरून होतात असं वाटतं, पण बरीचशी प्रश्नातच पेरलेली असतात. "वर्गणी वाढवून नवीन सभागृह बांधावं का?" हे दोन प्रश्न आहेत. सभागृह हवं पण वर्गणी नको, असं म्हणणाऱ्याने काय करायचं? असा प्रश्न फोडा: आधी सभागृह हवं का, मग पैसे कुठून. किंवा सरळ तीन-चार पूर्ण पर्याय लिहा, प्रत्येकाच्या खर्चासकट.

'आहे तसंच राहू द्या' हा पर्याय जवळपास नेहमी मतपत्रिकेवर हवा. तो नसेल तर लोकांना काहीतरी नवीन निवडावंच लागतं आणि मग निकाल लागल्यावर अंमलबजावणीला कुणी पुढे येत नाही. पण तो ठेवलात तर त्याला अर्थही द्या. भारतातल्या लोकसभा-विधानसभा निवडणुकांत २०१३ पासून 'नोटा' आहे, पण कायद्याने त्याला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. तुमच्या गटात 'यापैकी कुणीही नको' ठेवत असाल तर ते जिंकल्यास नवी निवडणूक की जुनेच पदाधिकारी पुढे, हे त्याच कागदावर लिहा.

पर्याय सुचवण्याची मुदत आणि मतदान यांत अंतर ठेवा. सभेत ऐनवेळी घुसवलेला पर्याय सहसा मतं फोडायलाच आणलेला असतो. सगळेच नाही, पण बरेच.

कोणत्या क्रमाने विचारता यावरही निकाल ठरतो

हा भाग सभांमध्ये सर्वांत दुर्लक्षित, म्हणून इथे जरा थांबतो.

तीन पर्याय आहेत आणि अध्यक्ष म्हणतात, "आधी पहिल्या दोघांत मत घेऊ, जिंकेल त्याची गाठ तिसऱ्याशी." ऐकायला सरळ वाटतं. पण समजा तीन मतदारांचे पसंतीक्रम असे आहेत: पहिला म्हणतो क, ख, ग. दुसरा म्हणतो ख, ग, क. तिसरा म्हणतो ग, क, ख. इथे क हा ख ला २-१ ने हरवतो, ख हा ग ला २-१ ने हरवतो, आणि ग हा क ला २-१ ने हरवतो. लहान मुलांच्या 'दगड, कागद, कात्री'सारखं गोल चक्र. अशा वेळी जो पर्याय शेवटी आणाल तोच जिंकतो. क आणि ख आधी लढवले तर ग जिंकेल. ख आणि ग आधी लढवले तर क जिंकेल. एकही मत न फिरवता अध्यक्षाला हवा तो निकाल मिळतो. हे चक्र फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने १७८५ मध्ये मांडलं.

त्याच्याही किती आधी रोमन सिनेटमध्ये हाच पेच पडला होता. इ.स. १०५ मध्ये कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी, आफ्रानियस डेक्स्टर मृतावस्थेत सापडला. आत्महत्या की खून हे कळेना. त्याच्या मुक्त केलेल्या गुलामांचं काय करायचं यावर तीन मतं होती: सोडून द्यावं, हद्दपार करावं, मृत्युदंड द्यावा. सिनेटर आणि लेखक असलेला धाकटा प्लिनी सोडून द्यावं या मताचा. या गटाची संख्या तिघांत जास्त, पण बहुमत नाही. म्हणून प्लिनीने आग्रह धरला की तिन्ही मतं एकाच वेळी, वेगवेगळी मोजा. ते मान्य झालं. तेवढ्यात मृत्युदंडवाल्यांच्या नेत्याने आपली मागणी सोडली आणि तो हद्दपारवाल्यांच्या बाजूला जाऊन बसला. आपण हरतोय हे दिसल्यावर त्याने त्यातल्या त्यात बरा पर्याय धरला. डावपेचाने मत देणं आणि डावपेचाने विषयपत्रिका लावणं, दोन्ही एकाच प्रसंगात.

यातून व्यवहारातली गोष्ट एवढीच घ्यायची: तीन किंवा जास्त पर्याय असतील तर ते एकामागून एक मताला टाकू नका. सगळे एकाच मतपत्रिकेवर, एकाच वेळी.

बहुमत म्हणजे कशाचं?

४० सभासद आहेत, सभेला २५ आले. ठरावाच्या बाजूने १२, विरोधात ९, तटस्थ ४. ठराव मंजूर झाला का?

मत देणाऱ्या २१ जणांत १२ म्हणजे बहुमत, मंजूर. हजर असलेल्या २५ जणांचं बहुमत म्हणजे १३, नामंजूर. एकूण ४० सभासदांचं बहुमत म्हणजे २१, सपशेल नामंजूर. शेवटच्या दोन पद्धतींत तटस्थ राहणं म्हणजे प्रत्यक्षात विरोधात मत देणं, आणि हे तटस्थ राहणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं.

रोजच्या कामांना 'हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत' पुरे, सोबत गणपूर्तीचा आकडा ठेवा. नियम बदलणं, मोठा खर्च, एखाद्याला काढून टाकणं अशा मागे न फिरवता येणाऱ्या गोष्टींना दोन-तृतीयांश. एकमताचा आग्रह मला धोक्याचा वाटतो. त्यात एका हटवादी माणसाच्या हातात सगळ्यांची दोरी जाते, आणि निर्णय अडला की 'आहे तसं' आपोआप जिंकतं.

पद्धत निवडा : कामाप्रमाणे

*तारीख, जागा, विषय ठरवायचा असेल तर मान्यता मतदान.* प्रत्येकाने आपल्याला चालतील त्या सगळ्या पर्यायांपुढे खूण करायची, कितीही. ज्याला जास्त खुणा तो पर्याय. शिकवायला एक मिनिट लागतो आणि मोजायला पाच, शिवाय सारखे दोन पर्याय असले म्हणून मतं फुटत नाहीत. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात २०२१ पासून महापौरपदाची पहिली फेरी अशीच होते. आपल्या तीस जणांच्या उदाहरणात व्यायामशाळावाल्यांपैकी ५ जणांना आणि वाचनालयवाल्यांपैकी ६ जणांना बागही चालत असेल, आणि बागवाल्यांपैकी ४ जणांना वाचनालय, तर बागेला १७, वाचनालयाला १५, व्यायामशाळेला १३. याची कमजोरी: 'आवडतं' आणि 'चालेल' यांत फरक दिसत नाही, आणि 'चालेल'ची रेषा प्रत्येक जण आपापल्या जागी ओढतो.

यालाच एक उपयोगी जोड देता येते, नापसंतीची. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१६ मध्ये महासचिवपदासाठी चाचणी मतदान घेतलं तेव्हा प्रत्येक नावापुढे तीन खुणांची सोय होती: पाठिंबा, नापसंती, मत नाही. अशा सहा फेऱ्या झाल्या आणि अँतोनियो गुतेरेस प्रत्येक फेरीत पुढे राहिले. छोट्या गटात एखाद्या पर्यायाला किती जणांचा ठाम नकार आहे हे कळणं, किती जणांना तो आवडतो हे कळण्याइतकंच कामाचं असतं.

*एका पदासाठी तीन किंवा जास्त उमेदवार असतील तर पसंतीक्रम.* मतपत्रिका एकच, १, २, ३ असे आकडे लिहायचे. मोजायच्या मात्र दोन प्रमुख रीती, वर बघितल्याच: तळाचा बाद करत जाणं आणि जोडीजोडीने तुलना.

बाद करत जाण्याची रीत लोकांना पटकन समजते. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी ती १९१८ पासून आहे. भारताच्या राष्ट्रपतीची निवडणूकही पसंतीक्रमानेच होते, आणि १९६९ मध्ये त्या पुढच्या पसंत्यांनी खरोखर निकाल लावला. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं मिळाली, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८, चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, होता ४,१८,१६९, म्हणजे कुणीच निवडून आलं नव्हतं. पुढच्या पसंत्या वाटल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. ८८ हजारांची आघाडी १५ हजारांच्या आत आली. देशमुखांना मत देणाऱ्यांनी दुसरी पसंती बहुतेक रेड्डींना दिली होती, हे त्या आकड्यांतच दिसतं.

जोडीजोडीची तुलना मला जास्त न्याय्य वाटते, कारण ज्याला प्रत्येकाविरुद्ध बहुमत आहे त्याला हरवलं कसं, याचं उत्तर दुसऱ्या पद्धतीला देता येत नाही. पण हरणाऱ्याचा प्रश्नही रास्त असतो: "फक्त सहा जणांची पहिली पसंती असलेली बाग जिंकते कशी?" याचं उत्तर निकालानंतर द्यायला लागलात तर ती सारवासारव वाटते. आधी उदाहरण घेऊन समजावलंत तर तो नियम असतो. डेबियन हा स्वयंसेवकांचा सॉफ्टवेअर प्रकल्प आपला प्रमुख २००३ पासून याच कुळातल्या पद्धतीने निवडतो.

गुण देण्याची बोर्डा पद्धत अनेकांना भावते: तीन पर्याय असतील तर पहिल्याला २, दुसऱ्याला १, शेवटच्याला ०. आपल्या उदाहरणात बाग ३६, वाचनालय २८, व्यायामशाळा २६. बक्षिसासाठी कविता किंवा छायाचित्रं निवडताना ठीक. जिथे पद किंवा पैसा आहे तिथे मी ती वापरणार नाही. आपल्या उमेदवाराच्या तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला टाकणं यात फारच सोपं आहे. ही पद्धत फक्त प्रामाणिक माणसांसाठी आहे, असं ती मांडणारा फ्रेंच गणितज्ञ बोर्डा खुद्द म्हणाल्याचं सांगतात. आता निवडणुकीला उभं राहिल्यावर सगळे तेवढे प्रामाणिक राहतात का, हे तुम्हीच बघा.

निर्दोष पद्धत शोधण्यात मात्र वेळ घालवू नका. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्यायांच्या पसंतीक्रमातून सामूहिक क्रम काढणारी कोणतीही पद्धत रास्तपणाच्या काही साध्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. पुढे १९७३ मध्ये गिबर्ड आणि १९७५ मध्ये सॅटरथ्वेट यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तीन किंवा जास्त पर्यायांना जिंकण्याची संधी असेल आणि एकाच माणसाच्या हातात निकाल नसेल, तर डावपेचाला कुठेतरी वाव राहणारच. तेव्हा निवड करायची ती 'आपल्या गटाला कोणता दोष परवडतो' याची.

*समिती निवडायची असेल तर.* इथे सर्वांत मोठा अन्याय सर्वांत साळसूदपणे होतो. पाच जागा, ६० मतदार, प्रत्येकाला पाच मतं, ज्या पाच जणांना जास्त मतं ते निवडून आले. गटात ३१ आणि २९ असे दोन तट असतील आणि सगळे आपापल्या पॅनेलला शिस्तीत मतं देत असतील, तर ३१ वाल्यांच्या पाचही जणांना ३१ मतं, समोरच्या पाचही जणांना २९. निकाल ५-०. जवळजवळ अर्ध्या सभासदांचा समितीत एकही माणूस नाही, आणि सगळं नियमाप्रमाणे!

यावर उपाय एकल संक्रमणीय मत. आयर्लंड आणि माल्टाच्या संसदेसाठी हीच पद्धत आहे, आणि राज्यसभेचे सदस्य विधानसभांतून असेच निवडले जातात. प्रत्येकाचं मत एकच, पण पसंतीक्रमासह. कोटा काढायचा: वैध मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या संख्येने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. ६० भागिले ६ म्हणजे १०, अधिक एक, ११. ज्याला ११ मतं तो निवडून आला. मतं कोट्याहून जास्त असतील तर जादा मतं पुढच्या पसंतीला जातात: २० मतं मिळवणाऱ्याकडे ९ जादा, म्हणून त्याच्या वीसही मतपत्रिका पुढच्या उमेदवाराकडे प्रत्येकी ९/२०, म्हणजे ०.४५ एवढ्या किमतीने जातात. जागा उरल्या आणि कुणीच कोटा गाठत नसेल तर तळाचा बाद. वरच्या उदाहरणात ३१ वाल्यांचे दोन कोटे होऊन ९ मतं उरतात, २९ वाल्यांचे दोन कोटे होऊन ७. पाचवी जागा ९ मतं उरलेल्या तटाला. निकाल ३-२, म्हणजे जसा गट तशी समिती.

हा हिशोब जड वाटत असेल तर सोपी तडजोड: जागा पाच, पण प्रत्येकाला मत एक किंवा दोनच. ढोबळ आहे, उमेदवारांना आपसांत मतं वाटून घ्यावी लागतात, पण ५-० पेक्षा बरीच बरी.

मतपत्रिका आणि गुप्तता

यादीत पहिल्या नावाला फुकटचा फायदा मिळतो. ऑस्ट्रेलियात वरून खाली ओळीने आकडे टाकून मोकळं होणाऱ्या मताला 'गाढव मत' म्हणतात. तिथल्या टास्मानिया राज्यात म्हणूनच नावांचा क्रम मतपत्रिकेगणिक फिरवून छापतात. तुम्हीही तीन-चार वेगवेगळ्या क्रमांच्या प्रती काढा. तेवढं जमत नसेल तर क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि तसं सांगा.

माणसांबद्दलचं मतदान गुप्त हवं, यात तडजोड नको. आज सर्वत्र चालणारी छापील गुप्त मतपत्रिका ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १८५६ मध्ये सुरू झाली, त्याआधी मत उघड बोलून देणं अनेक ठिकाणी रिवाजात होतं. छोट्या गटात अक्षर ओळखू येतं, म्हणून नाव लिहायला लावू नका, फक्त खूण किंवा आकडा. सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या. तारखेसारख्या किरकोळ गोष्टींना हात वर चालतात, पण सगळे हात एकदम वर जायला हवेत, नाहीतर मागच्या रांगा पुढच्यांकडे बघून हात उचलतात.

चॅट ॲपवरच्या पोलचं तेच. कुणी काय निवडलं ते बऱ्याचदा दिसतं आणि चालू आकडाही दिसतो. पहिल्या दहा मिनिटांत ज्याने आघाडी घेतली त्याच्याकडे ओघ लागतो. महत्त्वाच्या निर्णयाला ऑनलाइन फॉर्म वापरा, एका माणसाला एकच प्रतिसाद ठेवा आणि मुदत संपेपर्यंत निकाल कुणालाच, संयोजकालाही, दिसणार नाही अशी व्यवस्था करा.

बाद मताचा नियम मतपत्रिकेवरच छापा. माझा कल मत वाचवण्याकडे असतो: सगळ्यांना आकडे दिले नसतील तर उरलेले सगळे शेवटच्या क्रमांकावर समान धरा. दोघांना एकच आकडा दिला असेल तर जोडीच्या तुलनेत त्या दोघांपुरतं मत कुणालाच नाही, बाकी जोड्यांत वैध. मतदाराची इच्छा स्पष्ट कळत असेल तर खुणेच्या आकारावरून मत बाद करणं हा शुद्ध खडूसपणा.

मोजणी : जोडीजोडीचा तक्ता हाताने

तीन माणसं लागतात. एक वाचतो, एक लिहितो, एक दोघांवर नजर ठेवतो. उमेदवारांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी बघायला असू द्या.

आधी एकूण मतपत्रिका मोजा आणि सहीच्या यादीशी जुळवा. हे उघडण्याआधी. मग सारख्या पसंतीक्रमाच्या गठ्ठ्या करा. आपल्या उदाहरणात तीनच गठ्ठ्या होतील, १३, ११ आणि ६ च्या. गठ्ठ्या केल्या की काम निम्म्यावर येतं.

कागदावर प्रत्येक जोडीला एक ओळ द्या. तीन पर्यायांना ३ जोड्या, चारला ६, पाचला १०, सहाला १५. पाचाच्या पुढे हाताने मोजू नका, आधी मान्यता मतदानाने चार-पाच नावं काढा. आता प्रत्येक जोडीसाठी गठ्ठ्यांवरून फिरा: बाग आणि व्यायामशाळेत वर कोण? १३ च्या गठ्ठीत व्यायामशाळा, ११ च्या गठ्ठीत बाग, ६ च्या गठ्ठीत बाग. लिहा बाग १७, व्यायामशाळा १३. दोन्ही आकड्यांची बेरीज वैध मतांइतकी, इथे ३०, यायलाच हवी (समान क्रमांकाची मतं असतील तर तेवढी कमी). न आल्यास तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. चूक त्या ओळीत आहे आणि ती आत्ताच सापडेल.

जो सगळ्या जोड्या जिंकला तो विजेता. क-ख-ग सारखं चक्र निघालं तर प्रत्येकाचा सर्वांत मोठा पराभव बघा, आणि ज्याचा तो पराभव सर्वांत कमी मतांचा असेल त्याला विजयी धरा. हा नियमसुद्धा आधी लिहिलेला हवा.

निकाल सांगताना नुसतं नाव सांगू नका. पूर्ण तक्ता फळ्यावर लिहा, एकूण मतं, बाद मतं आणि ती का बाद झाली हेही. मतपत्रिका पाकिटात घालून पाकिटावर सह्या घ्या, हरकतीला सात दिवस द्या, तोवर पाकीट फोडू नका.

समसमान मतं

तीन तोडगे चालतात: फेरमतदान, अध्यक्षाचं निर्णायक मत, चिठ्ठी. फेरमतदानात बहुधा तेच आकडे पुन्हा येतात, किंवा मधल्या वेळात दोन-चार जण कंटाळून घरी जातात आणि निकाल त्यांच्या कंटाळ्यावर ठरतो. निर्णायक मत ठरावांना ठीक, तेही अध्यक्षाने मूळ मतदानात भाग घेतला नसेल तर. पदांच्या निवडणुकीला चिठ्ठीच. भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानेही समसमान मतांवर चिठ्ठीचाच मार्ग दिलाय.

चिठ्ठी टाकायची तर दोन्ही कागद एकाच वहीतले, एकाच आकाराचे घ्या. नावं सभेसमोर लिहा, घडी घालण्याआधी दोन्ही सगळ्यांना दाखवा, उचलायला मत नसलेल्या कुणाला तरी बोलवा. आणि उचललेली चिठ्ठी वाचून झाली की न उचललेलीही उघडून दाखवा. आमच्या १४-१४ च्या निवडणुकीत तीन आठवडे वाद घालून शेवटी चिठ्ठीच टाकली. नाव वाचलं, टाळ्या पडल्या, आणि हरलेल्या उमेदवाराने शांतपणे विचारलं, "दुसरी चिठ्ठी बघू?" ती तोपर्यंत कुणीतरी फाडून टाकली होती.